वरातीतला सूर आणि त्याचे धनी

कारंज्यास आमच्या थोरल्या चुलतबहिणीचे लग्न झाले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. म्हणजे ही गोष्ट १९५७ च्या सुमाराची म्हणावयास हरकत नाही. कारंजे त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशीम जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, आणि तेव्हापासून ते त्या जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळाकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने, जिला लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणत, वरपक्षाची मंडळी उतरली आणि त्यांच्याबरोबर एक बँडही उतरला. तांबडे डगले, खांद्यांवर विटलेल्या जरीच्या फिती, दोन क्लॅरिओनेट, दोन कॉर्नेट, पितळेचा एक अजस्र भोंगा आणि एक मोठा ढोल, एवढा त्या बँडचा सरंजाम. रात्री गॅसबत्त्यांच्या उजेडात वरात निघाली. प्रथम एक भजन झाले, मग जुन्या नाटकातील एक पद झाले. आणि चौकात घोडा थांबताच मुख्य कॉर्नेटवाल्याने गाल फुगवून ‘अलबेला’ चित्रपटातील एका नृत्यगीताची चाल सुरू केली. त्या चालीला एक विलक्षण हेलकावा होता. पोरे तर नाचू लागलीच, पण एरवी गंभीर असणाऱ्या वडीलधाऱ्यांच्याही माना हलू लागल्या. आमचे काका मात्र कीर्तनाचे भोक्ते होते, ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “हे रे कायचे सूर? ना आपले, ना इंग्रजाचे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडवाले जानवशाच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. मी भीत भीत जाऊन बँडमास्तरांना विचारले की हे तुम्ही कुठे शिकलात? ते हसले. म्हणाले, “सिनेमा पायला ना बाप्पा, चार खेपा! मंग बसलं बोटात.”

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळावयास त्यानंतर पुष्कळ वर्षे जावी लागली. ते सूर आपले नव्हते आणि इंग्रजांचेही नव्हते, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या कल्पनेपलीकडे खरे होते.

जॅझ म्हणजे गोंगाट, अशी आपल्या पांढरपेशा घरांतून बरीच वर्षे समजूत होती आणि ती अगदीच गेली आहे असे नाही. हे संगीत अमेरिकेच्या दक्षिण टोकास न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी आकारास आले. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या नातवा-पणतवांनी ते घडविले. शेतावरील श्रमगीते, चर्चमधील स्तोत्रे, आणि मिरवणुकीच्या व प्रेतयात्रेच्या पुढे चालणारे पितळी बँड, असे त्याचे निरनिराळे उगम सांगतात. त्याचे मर्म आपल्याकडील श्रोत्याला समजणे अवघड नाही. एक चाल ठरलेली असते. तिच्याखाली स्वरसंघांचा एक क्रम ठरलेला असतो. आणि त्या चौकटीत राहून वादकाने आयत्या वेळी उपज करावयाची असते. ख्यालगायकाने समेला मुद्दाम हुलकावणी देऊन पुन्हा तिला अलगद येऊन मिळावे, यातील आनंद ज्याने चाखला आहे त्याला जॅझमधील लयीची लपंडाव परकी वाटू नये. फरक एवढाच की आपल्याकडे एका वेळी एकच सूर धावतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात; तिकडे तीन-चार सूर एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी निघतात व तरीही एकत्र नांदतात. हा फरक लहान नव्हे, आणि पुढील सर्व हकीकत त्याच्यावरच उभी आहे.

मुंबईस हे संगीत अस्सल रूपात आले ते १९३५ साली. लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला मेळ घेऊन त्या वर्षी ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक आला. त्याच्या मेळाने १९३६ साली मुंबईतच ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ नावाची ध्वनिमुद्रिका वाजविली. (‘क्रिकेट’ हे त्या गृहस्थाचे खेळावरून पडलेले नाव असावे असे आपल्याला वाटते; परंतु इंग्रजीत त्या नावाचा एक रातकिडाही आहे.) या मंडळींतील ज्याची आठवण मुंबईच्या वादकांनी सर्वांत अधिक जपली तो टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक. याचा जन्म १९०३ चा, म्हणजे ताजमहाल हॉटेल उघडले त्याच वर्षीचा. शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर त्याने वाजविले होते. तिकडेच राहता तर त्याचे नाव आज प्रत्येक इतिहासग्रंथात मोठ्या टायपात छापले गेले असते. परंतु १९२६ साली तो पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीत बसला आणि शांघाय, मुंबई, कलकत्ता करीत राहिला. आपल्या देशात कातडीच्या रंगामुळे ज्या दरवाजांतून आत जाता येत नसे तसले दरवाजे इकडे त्याला उघडे मिळाले, हे त्याचे एक कारण असावे. कलकत्त्यास त्याच्या मेळात देशोदेशीचे वादक होते. पुष्कर बहादूर नावाचा एक नेपाळी ट्रंपेटवाला तेथे जॉर्ज बँक्स या नावाने वाजवीत असे. २५ एप्रिल १९४५ रोजी पटकीच्या आजाराने वेदरफर्ड कलकत्त्यासच वारला. वय अवघे ४१.

हे अमेरिकन गेले, आणि त्यांच्या खुर्च्यांवर जे बसले ते मात्र येथलेच होते. बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती. ते नेमके का, हे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना गाणे व व्हायोलिन शिकवीत असत. हेतू देवाच्या प्रार्थनेसाठी गायक तयार करण्याचा. पण त्यापायी शेतकऱ्याच्या पोरालाही पाच रेघांवर लिहिलेले संगीत वर्तमानपत्र वाचावे तसे वाचता येऊ लागले. ही विद्या उर्वरित हिंदुस्थानात फार थोड्यांजवळ होती. गोव्यात पोटाला काम नव्हते. म्हणून ही पोरे मुंबईस येत आणि धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या ‘कुडी’त उतरत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालविलेले बिऱ्हाड: भिंतीशी रांगेने लावलेल्या लोखंडी पेट्या, एका बाजूस देवघर, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि बँडमधला व्हायोलिनवाला एकाच छपराखाली निजत. आणखी एक गंमत अशी की डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालकडे असल्यामुळे, ज्या मुंबईचे कान त्यांनी घडविले त्या मुंबईत ही माणसे कायद्याने परदेशची प्रजा होती.

यांतील काही जणांची ओळख करून घेऊ. आंतोनियो शावियेर वाझ हा १९१६ साली बार्देशातील हळदोणे गावी जन्मला. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत, आणि वर्तमानपत्रे त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ट्रंपेट आर्मस्ट्राँगच्या थाटात धरावयाचे, घाम पुसावयाला हातात रुमाल ठेवावयाचा, आणि घोगऱ्या आवाजात गावयाचे, हे सारे त्याने ध्वनिमुद्रिका ऐकून व चित्रे पाहून उचलले होते. कारंज्याच्या बँडमास्तरांनी चार खेपा सिनेमा पाहिला त्यात आणि यात मला तरी जातीचा भेद दिसत नाही. भेद फक्त तयारीचा. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात त्याचा मेळ वाजत असे. ते हॉटेल आता नाही. त्या जागेवर ताजची उंच नवी इमारत उभी आहे.

मिकी कोरिया याचे घराणे गोव्याचे, जन्म आफ्रिकेतील मोंबासाचा, आणि वाढ कराचीची. तो सॅक्सोफोन, क्लॅरिओनेट व व्हायोलिन वाजवी. १९३९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ताजमधील मेळाचा तो नायक होता. युद्ध झाले, इंग्रज गेले, संस्थाने बुडाली, राजेमहाराजांच्या जागी गिरणीमालक नाचावयास आले. व्यासपीठावर कोरिया तोच. एवढ्या काळात त्याच्या हाताखालून किती वादक गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) हा रेइश मागुशचा. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्याचा मेळ होता. १९४७ साली लाहोरमधील नाचाचे दिवाणखाने विझले, तेव्हा तो मुंबईस आला. फाळणीने आपल्याकडे काय काय आणून टाकले याच्या याद्या आपण पुष्कळ वाचल्या. परंतु शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गीतांतील व्हायोलिनांच्या लाटा त्याच निर्वासित माणसाच्या लेखणीतून उतरल्या, हे त्या याद्यांत सहसा नसते.

चौथा फ्रँक फर्नांड (१९१९–२००७), कुडचड्याचा ट्रंपेटवादक. १९४६ साली तो मसुरीस एका मेळात होता. तेथे गांधीजींच्या सान्निध्यात आल्यावर त्याच्या मनाने असे घेतले की आपण वाजवितो ते उत्तम असले तरी उसने आहे; हिंदी माणसाने हिंदी माणसासारखे वाजविले पाहिजे. ते कसे, हे त्याला कोणी सांगण्यासारखे नव्हते. गोऱ्या साहेबांच्या नाचासाठी रोज संध्याकाळी काळा कोट चढविणाऱ्या वादकाच्या मनात हा प्रश्न उभा राहावा, ही स्वातंत्र्यलढ्याची एक लहानशी पण फार नाजूक अशी खूण मला वाटते. पुढे त्याने अनेक संगीतदिग्दर्शकांचा साहाय्यक म्हणून काम केले, आणि त्यातून उरलेल्या पैशांवर ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

या सर्वांचा ओघ हिंदी चित्रपटांकडे वळला त्यास दोन-तीन गोष्टी एकदम कारण झाल्या. इंग्रज गेल्यामुळे नाचणारे कमी झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या संध्याकाळी कोरड्या केल्या. आणि त्याच वेळी बोलपटांतील वाद्यवृंद पेटी-तबला-सारंगीच्या मर्यादा ओलांडून पन्नास-साठ वादकांपर्यंत वाढत चालला होता. एवढ्या माणसांनी काय वाजवावयाचे हे तोंडी शिकवून भागण्यासारखे नव्हते. ते लिहूनच द्यावे लागे, आणि लिहिणारे व वाचणारे गोमंतकीयच होते.

कामाची रीत साधारणपणे अशी असे. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. साहाय्यक ती कागदावर उतरवून घेई. मग दोन ओळींच्या मधली जागा कशाने भरावयाची, गायिका श्वास घेते तेव्हा कोणते वाद्य उठावे, खालचे स्वरसंघ कोणते असावेत, हे तो ठरवी व प्रत्येक वादकाचा भाग निराळा लिहून काढी. वादक सकाळी येऊन तो कागद प्रथमच पाहत, एक-दोन तालमी होत, आणि एका-दोघा मायक्रोफोनांपुढे सगळे गीत एका दमात मुद्रित होई. एक व्हायोलिन चुकले की पुन्हा आरंभापासून. संध्याकाळी दिवसाची मजुरी खिशात, आणि कागद? कागदाचे काम संपलेले असे. त्या लिखाणातील बहुतेक भाग रद्दीत गेला. पडद्यावर नाव येई ते संगीतदिग्दर्शकाचे; लिहिणाऱ्याचे आलेच तर ‘साहाय्यक’ म्हणून, आणि वाजविणाऱ्यांचे येतच नसे.

आता ‘अलबेला’कडे येऊ. १९५१ च्या या चित्रपटाचा कर्ताकरविता भगवान आबाजी पालव, म्हणजे आपला मास्टर भगवान; त्याचा जन्म १९१३ चा, आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीचा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांचे. १९४७ सालच्या ‘शहनाई’पासूनच या गृहस्थांनी पाश्चात्त्य ठेक्याला मराठी माणसाच्या मिस्किलपणाची जोड देऊन हिंदी संगीताचे एक दार उघडले होते. आणि त्यांचा साहाय्यक होता चिक चॉकलेट. ‘अलबेला’तील एका नृत्यप्रसंगात तो व त्याचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून प्रत्यक्ष पडद्यावर वाजविताना दिसतात. लाखो लोकांनी त्याला पाहिले. परंतु पाहिले ते नायकाच्या मागे उभा असलेला एक बाजेवाला म्हणून. त्याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला त्याने स्वतंत्र संगीत दिले. तथापि त्या वाटेने त्याचे फारसे काही जमले नाही. मे १९६७ मध्ये तो वारला, वयाच्या पन्नाशीच्या जरासा पलीकडे.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे आहे. सी. रामचंद्रांचे श्रेय काढून ते वाझला द्यावे, असे माझे म्हणणे नाही. चाल चितळकरांची होती आणि ती कोणाच्याही साजाशिवाय उभी राहील अशी होती. परंतु कारंज्याच्या चौकात आमच्या पायांना जो हेलकावा जाणवला, ओळ संपताच ट्रंपेट जी कोटी करून जाई व बँडमास्तरांनी जी कॉर्नेटवर जशीच्या तशी उचलली होती, ती न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतून निघून, शिकागो व ताज करीत, हळदोण्याच्या एका माणसाच्या ओठांवर आली होती. मिरवणुकीत जन्मलेली वस्तू पुन्हा मिरवणुकीतच येऊन पडली, याचे मला पुढे फार नवल वाटले.

दोष एका बाजूचाच होता असेही नाही. या वादकांपैकी पुष्कळांना चित्रपटांतील काम म्हणजे पोटाचा धंदा वाटे. दिवसा स्टुडिओत वाजवावयाचे आणि रात्री आपल्या मनाचे जॅझ, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली होती. दिवसाच्या कामावर आपले नाव असावे असा आग्रह त्यांनी फारसा धरला नाही. शास्त्रीय संगीतवाल्यांना हे बाटगे वाटत, आणि चर्चमधील जुन्या मेस्तांना भरकटलेले. १९५२ साली नभोवाणीखाते डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले, तेव्हा आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची हकालपट्टीच झाली. पाश्चात्त्य वाद्यांचा सोस हा त्यांच्यावरील एक आरोप होता. (ज्या पेटीवर आपले अर्धे नाट्यसंगीत उभे राहिले तीही परदेशीच, आणि तिलाही नभोवाणीने १९४० साली बंदी केली होती, तेव्हा आरोपी एकटे नव्हते.) लोकांनी मग रेडिओ सिलोन लावले. आमच्या काकांनीही लावले, हे येथे नमूद केले पाहिजे, अर्थात बातम्यांसाठी!

नाव राहावे आणि माणूस हरवावा, असाही एक प्रकार या इतिहासात घडला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्याने अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोहोचविले. मोठ्या अंड्यातून उंच टोपी घालून बाहेर पडणाऱ्या त्या नायकाला हसताना हे नाव कोणा खऱ्या माणसाचे असेल अशी शंका कोणाला आली असेल? गोव्यातील माजोर्ड्याच्या चर्चमधील गायनप्रमुखाचा हा मुलगा, जन्म १९२७ चा. तो काही जॅझवाला नव्हे. व्हायोलिनवादक व व्यासंगी रचनाकार होता. परंतु त्याचे सगे-सोयरे सगळे या मेळांतलेच. ‘राग सारंगातील कॉन्चेर्तो’ अशी नावे त्याने आपल्या रचनांस दिली. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याने भव्य वाद्यवृंद उभा केला व लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यापुढे गावयास उभे केले. फ्रँक फर्नांडला मसुरीत पडलेल्या प्रश्नाला मुंबईने दिलेले हे सर्वांत धीट उत्तर असेल. ते टिकावयास पैसा लागतो, आणि तो मिळाला नाही. १९६५ साली तो अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेला. परत येऊन माजोर्ड्यास मुकाट्याने राहिला. गाण्यातील नाव ही त्याच्या शिष्याने, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांतील प्यारेलालने, वाहिलेली गुरुदक्षिणा होती. १८ जानेवारी २०१२ रोजी अँथनी गोन्साल्विस वारला. त्याच्या आदल्याच वर्षी मिकी कोरिया गेला होता.

हे सर्व आज आपल्याला सांगता येते याचे श्रेय दोघांना आहे. ग्रेगरी बूथ या संशोधकाने म्हाताऱ्या वादकांच्या घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या व २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली क्रिकेट स्मिथच्या त्या मुद्रिकेचेच नाव आपल्या ग्रंथास देऊन मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीत घराण्यांच्या वंशावळी आहेत, नाटकमंडळ्यांच्या बखरी आहेत, पेटीवाल्या-तबलजींच्या आठवणी आहेत. पण ज्या वादकांनी आपल्या तीन पिढ्यांच्या लग्नांत अदृश्यपणे हजेरी लावली, त्यांच्यासाठी एखादे प्रकरणही शोधून सापडत नाही. आपण त्यांना परके समजलो, असे मी म्हणणार नाही. आपण त्यांचा विचारच केला नाही.

फर्नांडिस यांचे पुस्तक वाचून झाल्यावर मला कारंज्याच्या बँडमास्तरांची तीव्रतेने आठवण झाली. त्यांचा तांबडा डगला, चहाची बशी धरलेला हात, आणि कॉर्नेटच्या दाबाने ओठावर पडलेला वळ मला अजून दिसतो. पत्र लिहून मी बहिणीला विचारले. ती म्हणाली, बँड सासरच्यांनी ठरविला होता, त्यांतील आता कोणी नाही. त्यांना सारे नुसते ‘मास्तर’ म्हणत. त्यांचे नाव मी त्या दिवशी विचारले नव्हते.